नकाशांच्या खोलीचं दार

“मुलं खोटंसुद्धा दार लावल्याशिवाय बोलत नाहीत, मग खरं कशी बोलतील?”

मनाच्या बाई एकदा शिक्षकांच्या खोलीत हे बोलून गेल्या होत्या. मधल्या सुट्टीची वेळ. गणिताच्या सरांनी चहाच्या कपावर फुंकर मारत विचारलं, “म्हणजे आम्ही उघड्या दारात घसा कोरडा करतो ते सगळं पाण्यात?” सगळे हसले. बाईही हसल्या, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. त्यांचं हसणं असं मागून यायचं, जिन्यात दम खात खात चढणाऱ्या माणसासारखं.

त्या शाळेत ज्याला त्याला विषयावरून हाक मारायची पद्धत होती. गणिताचे सर, खेळाचे सर, शिवणाच्या बाई. या नव्या आल्या तेव्हा मुलांनी विचारलं, तुम्ही काय शिकवता? त्या म्हणाल्या, मी शिकवत नाही, तुमच्या मनात काय आहे ते ऐकते. मुलांनी झटकन निकाल लावला. मन हा त्यांचा विषय. मनाच्या बाई. कागदावर त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, ते पगाराच्या दिवसापलीकडे कोणी उच्चारलं नाही. शिक्षकांनी मात्र आपलं वेगळं नाव ठेवलं होतं: कुलूपबाई. कारण कोणत्याही मुलाबद्दल काहीही विचारलं की त्या म्हणायच्या, “ते मी सांगत नाही.” मूल काय म्हणालं, हे सोडाच, मूल येऊन गेलं का, हेही नाही. एकदा खेळाच्या सरांनी किती वाजले विचारलं आणि आपणच उत्तर दिलं, “राहू दे बाई, तेही सांगत नसाल.”

शाळा सरकारी. वर्ग मुलांनी इतके भरलेले की मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव वर्ष संपता संपता कळावं. बाईंच्या गळ्यात अशा अनेक शाळा होत्या. या शाळेच्या वाट्याला आठवड्यातले दोन दिवस यायचे. त्यातही एखादे शिक्षक रजेवर गेले की बाईंना त्यांच्या वर्गावर बसवायचे, फळ्यावर ‘शांतता’ लिहून. त्यांना दिलेली खोली म्हणजे जुने नकाशे ठेवायची जागा. गुंडाळलेले नकाशे भिंतीला टेकून उभे असायचे, कोपऱ्यात गर्दी करून उभ्या राहिलेल्या माणसांसारखे. टेबलावर एक पृथ्वीचा गोल होता, स्टँड मोडलेला. ठेवला की घरंगळायचा, म्हणून त्याला डस्टरचं टेकण लावलेलं.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगा आत आला आणि काही न सांगता दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. बाईंना आधी कळेना. मग कळलं, तो पट्ट्या खायला उभा होता. वर्गावर्गांत धमकी चालू झाली होती: मस्ती केलीस तर मनाच्या बाईंकडे पाठवीन. जिथे पट्टी पुरत नव्हती तिथे आता बाई होत्या. पालकांची तऱ्हा निराळी. एक बाप मुलाचं दप्तर छातीशी धरून आला आणि दारातूनच म्हणाला, “आमच्या घराण्यात कोणी वेडं नाही. तुम्ही त्याचं नाव तुमच्याकडून काढा.” बाईंनी समजावलं. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, “ते ठीक आहे. नाव कधी काढताय?”

हेडसर माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे घडलं त्यात वाईट माणूस शोधायचा झाला तर सापडायचा नाही. दुसऱ्या कुठल्याशा शाळेत बंद दाराआड एका मुलाच्या बाबतीत नको ते घडलं होतं, आणि तेव्हापासून नियम आला होता: एकटं मूल आणि एकटं मोठं माणूस बंद खोलीत नको. बाईंनी दार लावायची परवानगी मागितली तेव्हा हेडसर म्हणाले, “बाई, माझा विश्वास तुमच्यावर आहे. दारावर नाही.”

“सर, दार उघडं राहिलं तर मुलं व्हरांड्याशी बोलतात. माझ्याशी नाही.”

“मग दार लावा. पण आत तिसरं कोणी बसेल.”

तिसरं कोणी म्हणजे शिवणाच्या बाई. निवृत्तीला टेकलेल्या, तास कमी असलेल्या, आणि डाव्या कानाने ऐकू न येणाऱ्या. हेडसरांना वाटलं, यापेक्षा चांगला तोडगा माणसाला सुचणार नाही. “त्या ऐकणार नाहीत. नुसत्या असतील.”

मनाच्या बाईंनी मान डोलावली. नसलेल्या दारापेक्षा अर्धं दार बरं, असं त्यांना वाटलं. शिवणाच्या बाईंची खुर्ची त्यांनी स्वतः मांडली, डावा कान टेबलाकडे येईल अशी. शिवणाच्या बाई त्या दोन दिवशी येऊन त्या खुर्चीत बसायच्या, मांडीवर नातवाचं झबलं, तोंडात सुई. त्यांच्याइतकं मऊ माणूस शाळेत दुसरं नव्हतं. रडणारं मूल बघितलं की त्यांच्या पर्समधून बिस्कीट निघायचंच.

दाराचं एवढं वेड बाईंना कुठून लागलं, ते त्यांच्या घरात गेल्यावर कळायचं. आई, दादा, वहिनी आणि या. खोल्यांना दारं नव्हती, पडदे होते. बाई लहान असल्यापासून तसंच. अख्ख्या घरात कडी एकच, न्हाणीघराला. ज्याला रडायचं असेल त्याने आत जाऊन नळ सोडायचा आणि बादली भरेपर्यंत आटपायचं. वडील गेले त्या वर्षी पाण्याचं बिल बघून आई म्हणाली होती, “या घरात रडणंसुद्धा मीटरवर आहे.” दादाला बहिणीच्या नोकरीची गंमत वाटायची. “आम्ही बोलून बोलून मरतो तेव्हा पगार होतो. हिला गप्प बसायचे पैसे देतात.” वहिनी ताट वाढता वाढता म्हणायची, “तुम्हीसुद्धा शिका की, फुकट गप्प बसायला.”

गप्प बसणं हेच बाईंचं हत्यार होतं, आणि ते त्यांनी एकदाच वाकवलं.

झालं असं. एक मुलगा त्यांच्याकडे यायचा, तोतरा. खेळाच्या सरांच्या मनाने घेतलं की तो आत बसून त्यांच्या चुगल्या करतो. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत, त्यांनी बाईंना गाठलं. “माझं नाव घेतो ना तो तुमच्याकडे? मी शिट्टीच्या दोरीने मारतो म्हणून सांगतो ना?” तो मुलगा बाहेर मैदानात उभा होता आणि पुढचा तास खेळाचा होता. बाईंनी त्याच्याकडे खिडकीतून पाहिलं. मुलाने खरोखरच कधी सरांचं नाव काढलं नव्हतं. मग सांगायला काय हरकत? “नाही,” बाई म्हणाल्या, “त्याने तुमचं नावही घेतलेलं नाही.”

मुलगा वाचला. खेळाचे सर ओशाळून हसले. पण कोपऱ्यातून गणिताचे सर म्हणाले, “चला, समीकरण सुटलं. बाई ‘नाही’ म्हणाल्या की नाही. गप्प बसल्या की हो.”

पुन्हा सगळे हसले. यावेळी बाई हसल्याच नाहीत. त्यांना तेव्हाच कळलं होतं की कुलपाची चावी आपण टेबलावर ठेवून आलो. एका मुलासाठी बोललेला खरा शब्द बाकी सगळ्या मुलांच्या बाजूची शांतता खाऊन गेला. पण हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर ‘एवढंसं तर झालं’ असं म्हणाले असते, आणि ते खरंच एवढंसं होतं.

ताई आली ती त्यानंतर.

ती आठवीतली. घरात सगळे तिला ताई म्हणायचे, आईसुद्धा, आणि तेच नाव शाळेपर्यंत आलं होतं. ज्याची ती ताई, तो धाकटा भाऊ जन्मापासून अंथरुणावर. मान धरायचा नाही, गिळायचा नाही नीट. आई शाळेच्याच स्वयंपाकघरात भांडी घासायची, बाप लांबच्या गाड्या चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. दिवसा भावाला शेजारीण बघायची, रात्री ताई. तो कण्हला की उठायचं, कुशीवर वळवायचं, तोंड पुसायचं, पुन्हा वळवायचं. आईला जाग यायची नाही. जिचे हात दिवसभर पाण्यात, तिची झोप दगडाची असते. सुट्टीत भाऊ गेला. नाव मात्र राहिलं. ताई, पाणी दे. ताई, दिवा लाव. दिवसातून कितीदा तरी त्या घरात, नसलेल्या मुलाच्या बाजूने, तिला हाक मारली जायची.

शाळा सुरू झाल्यावर ताईने कोरे पेपर द्यायला सुरुवात केली. वर नाव, खाली काही नाही. गणिताचे सर तिचे वर्गशिक्षक. ते पेपर घेऊन मनाच्या बाईंकडे आले, आणि त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “नाव इतकं सुरेख लिहिते की शून्य द्यायला हात धजत नाही. बघा काही होतंय का.”

ताई यायची, बसायची, पृथ्वीचा गोल मांडीवर घ्यायची. त्यावर एक पोचा होता, समुद्राच्या मधोमध. त्यात अंगठा घालून बसायची आणि तास संपला की गोल जागेवर ठेवून, डस्टर लावून, निघून जायची. बाई विचारायच्या नाहीत. असे बरेच तास गेले. एकदा शिवणाच्या बाईंना राहवलं नाही. “एवढ्यात माझं आख्खं झबलं शिवून झालं. तुमचं काय झालं, बाई?”

“उसवतंय,” मनाच्या बाई म्हणाल्या. शिवणाच्या बाई मोकळ्या हसल्या. ताईच्याही ओठांचा कोपरा हलला.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि खोलीतला दिवा गेलेला. ताई गोल घेऊन बसली होती. शिवणाच्या बाईंना सुईत दोरा ओवता येईना. त्यांनी दोनदा ओठात ओला करून पाहिला, मग कुरकुरत उठल्या, खुर्ची उचलली आणि खिडकीशी उजेडाला जाऊन बसल्या, पाठ भिंतीला. आता त्यांचा उजवा कान टेबलाकडे आला होता.

मनाच्या बाईंनी ते पाहिलं. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात ताई बोलली.

“बाई, तो गेला ना, त्या रात्री मला झोप लागली.”

शिकताना बाईंच्या मनावर एकच गोष्ट घोटून घोटून बिंबवली होती: पहिल्यांदा बोलणाऱ्या मुलाला मध्येच थांबवू नका, ते वाक्य परत येत नाही. खिडकीकडची खुर्ची त्यांना दिसत होती. कान दिसत होता. बाई थांबल्या.

“मधे कोणी उठवलंच नाही मला,” ताई म्हणाली. ती गोलाशी बोलत होती. “जाग आली तेव्हा ऊन आलं होतं. अंग इतकं हलकं. मला बरं वाटलं, बाई. आई तिकडे रडत होती आणि मला बरं वाटत होतं. तो गेलाय हे आठवलं तरी बरंच वाटत राहिलं. आता लिहायला बसलं की वाटतं, हे हात त्याला वळवायचे. आता काय करायचं यांचं.”

बाई म्हणाल्या, “झोप लागली ती तू वाईट आहेस म्हणून नव्हे. थकली होतीस म्हणून लागली. आणि हे तू इथे बोललीस, ते इथेच राहील.”

ताईने पहिल्यांदा वर पाहिलं. “आईला?”

“आईलाही नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा आपण दोघी मिळून सांगू. तोवर नाही.”

खिडकीत सुई थांबलेली होती.

ताई गेल्यावर बाईंनी अगदी हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत विचारलं, “तुमच्या कानावर काही आलं असेल तर—”

“मला कुठलं ऐकू येतंय, बाई,” शिवणाच्या बाई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या.

शिवणाच्या बाईंनी चहाडी केली असं म्हणता येणार नाही. त्यांनी माया केली. दोन दिवस त्यांना घास गेला नाही. एवढ्याशा जिवाने एवढं ओझं एकटीने वागवायचं आणि आईला पत्ता नको? तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरामागच्या नळावर गेल्या. ताईची आई मोठं पातेलं आडवं घालून अर्धी आत शिरून घासत होती.

“पोरीला जरा जवळ घेत जा गं,” शिवणाच्या बाई म्हणाल्या. “तिच्या मनात भलतंच बसलंय.”

“काय बसलंय?” आई पातेल्यातूनच म्हणाली.

“काही नाही. लहान आहे.”

आई बाहेर आली. “काय बसलंय, बाई?”

आणि अर्धं सांगितलेलं कुठल्या आईला पुरतं? तिने खोदलं, यांनी सांगितलं, आणि सांगता सांगता थकवा गळून गेला, झोप गळून गेली, फक्त ‘बरं वाटलं’ एवढं उरलं. भाऊ गेला आणि बहिणीला बरं वाटलं. आईने पातेलं विसळलं, पालथं घातलं, हात पुसले. पुढचं पातेलं ओढलं.

घरी मात्र तिने ताईचं अंथरूण आपल्या शेजारून उचललं आणि दाराशी टाकलं. वाढलेलं ताट खाली ठेवून वळायची. ताईला हाक मारणं बंद झालं, ‘ए’ एवढंच. मुलाचा सदरा ट्रंकेतून काढून तिने खुंटीला टांगला, ताई जिथे अभ्यासाला बसायची त्या जागेच्या बरोबर समोर. मग एका सकाळी, ओल्या हातांनीच, ती हेडसरांच्या पुढ्यात उभी राहिली. तिला एवढंच हवं होतं: पोर असं बोलली की नाही. “खरं असेल तर आजच मावशीकडे पाठवते. शाळा नको नि काही नको. मला ती डोळ्यांपुढे नको, साहेब. मी तिला बघू शकणार नाही.”

मनाच्या बाईंना हे कळलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात गेल्या. “आपण दोघी जरा शांत बसून बोलूया,” त्या म्हणाल्या.

“मला गोल गोल बोलणं कळत नाही, बाई,” आई राख हातात घेत म्हणाली. “उद्या साहेबांपुढे या. हो म्हणा, नाही तर नाही म्हणा.”

ताईला भेटायचं तर तिला आईने त्यांच्याकडे यायला बंदी केलेली. हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. “बाई, वर विचारतात, या जागेचा शाळेला उपयोग काय? मी काय लिहू? एका मुलीचं घर मोडलं म्हणून?”

“सर, मी कोणत्याच मुलाचं काही सांगत नाही.”

“खेळाच्या सरांच्या वेळी सांगितलंत.”

बाई गप्प बसल्या. हेडसर त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात तेच समीकरण होतं.

त्या संध्याकाळी घरी त्या न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडला. बाहेर आई वाट बघत उभी होती, खांद्यावर टॉवेल. “आज कुणाच्या वाटणीचं रडून आलीस?” बाई उंबऱ्यावरच थांबल्या. “आई, एखाद्याला वाचवायला खोटं बोललं तर?” आई आत शिरता शिरता म्हणाली, “वाचला तर खोटं कसलं? नाही वाचला तरच खोटं.” आणि आतून कडी लागली.

दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत सगळे उभेच होते. बसायला खुर्च्या होत्या, पण ताईची आई बसली नाही म्हणून कोणी बसलं नाही. ढालींचं काचेचं कपाट, भिंतीवर घड्याळ, टेबलावर पितळी घंटी. गणिताचे सर वर्गशिक्षक म्हणून आले होते आणि आल्याचा पश्चात्ताप त्यांच्या चेहऱ्यावर होता. शिवणाच्या बाई पदराचं टोक पिळत होत्या. ताई कपाटाला पाठ लावून उभी. तिला कशाला बोलावलं, असं बाईंनी विचारलं होतं. आई म्हणाली होती, तिच्यासमोरच होऊ दे.

“सांगा, बाई,” आई म्हणाली. “भाऊ मेल्यावर हिला बरं वाटलं, असं ही तुमच्याकडे बोलली का?”

बाईंनी ताईकडे पाहिलं. ताई त्यांच्याकडेच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. नुसतं बघत होती, कशाचं काय होतं ते.

बाई गप्प राहिल्या. अजून त्यांच्या मनात होतं की गप्प राहणं म्हणजे गप्प राहणं. पण घड्याळ चालू होतं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ते गप्प राहणं ‘हो’ होत चाललं होतं. गणिताच्या सरांनी मान खाली घातली. ज्याने समीकरण मांडलं त्याला उत्तर आधी दिसलं. आईची हनुवटी हलायला लागली. तिने ताईचा दंड धरला, बाहेर नेण्यासाठी धरतात तसा.

“नाही,” मनाच्या बाई म्हणाल्या.

“काय?”

“नाही. ती असं काही बोलली नाही.”

शब्द इतका हलका होता की तोंडातून निघाल्याचं बाईंना कळलंही नाही. शिवणाच्या बाईंनी चमकून वर पाहिलं. आईची नजर आता त्यांच्यावर वळली होती, सगळ्यांचीच वळली होती. शिवणाच्या बाईंनी आपला उजवा, चांगला कान हाताने झाकला. “माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “मला मेलीला धड ऐकू येत नाही. कुठलं तरी कुठे जोडलं असेल. माफ कर गं बाई.”

आई मटकन खाली बसली. तिथेच, फरशीवर. ताईला ओढून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून रडायला लागली, मुलगा गेल्यावर रडली नव्हती तशी. “ताई गं माझी. ताई.” हेडसरांनी घसा खाकरला, खिडकीबाहेर पाहिलं. गणिताच्या सरांनी खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

आईच्या खांद्यावरून ताई मनाच्या बाईंकडे बघत होती. तिचे हात आईच्या पाठीवर नव्हते. ते दोन्ही बाजूंना लोंबत होते. जे ती बोलली होती ते इतकं भयंकर होतं की जिने ‘तू वाईट नाहीस’ सांगितलं तिलासुद्धा ते नाकारावं लागलं, हे त्या मुलीला त्या क्षणी कळत होतं, आणि बाईंना ते तिला कळताना दिसत होतं. मध्ये पडून काही करता येण्यासारखं नव्हतं. करायचं ते झालं होतं.

हेडसर खूश होते. त्यांनी वर लिहून कळवलं की या जागेमुळे एक घर सावरलं, आणि जागा चालू ठेवावी. शिवाय त्यांना अचानक एक साधी गोष्ट सुचली. त्यांनी सुतार बोलावला आणि नकाशांच्या खोलीच्या दारात डोळ्यांच्या उंचीवर काच बसवून घेतली, बिजागऱ्याही बदलून घेतल्या. आता दार बंद ठेवलं तरी आतलं दिसायचं, ऐकू यायचं नाही. तिसरं कोणी बसायची गरजच उरली नाही. ही काच आधी का सुचली नाही, असं कोणी म्हणालं नाही. शिवणाच्या बाई आपली खुर्ची स्वतःच उचलून घेऊन गेल्या. त्या हल्ली मनाच्या बाईंशी बोलताना डावा कान पुढे करायच्या.

बाईंनी ताईला लगेच बोलावलं. ती आली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. मग एका दुपारी ती स्वतःच आली, चेहरा धुतलेला, केस घट्ट विंचरलेले. तिच्यामागे दार लागलं. नव्या बिजागऱ्या, आवाजसुद्धा झाला नाही. इतकी वर्षं बाईंनी ज्याची वाट पाहिली तशी शांतता त्या खोलीत पसरली.

ताईने गोल उचलला नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

“आई म्हणते, आता इथे यायची गरज नाही. तेच सांगायला आले.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मला पण गरज नाही. मी पेपर लिहिते आता. सरांना विचारा.” मग जरा थांबून म्हणाली, “बाई, मी तसं म्हणालेच नव्हते.”

बाईंनी टेबलावरचा हात तिच्याकडे सरकवला. “ताई, ऐक. त्या दिवशी मी जे बोलले ते—”

“नव्हतेच म्हणाले,” ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यात जागा नव्हती. “तुम्हीच सांगितलंत सगळ्यांना. तुम्ही खोटं थोडंच बोलाल?” तिने काचेकडे पाहिलं, बाहेर व्हरांडा रिकामा होता. “आता मला झोप लागत नाही, बाई. त्याच्या उठायच्या वेळा होत्या ना, त्या सगळ्या वेळी जाग येते. उठून बसते. आई जवळच असते, तिला सांगत नाही. ते बरोबर आहे ना? असंच व्हायला हवं होतं ना आधीपासून?”

बाईंनी खूप काही सांगितलं. शांतपणे, शब्द निवडून, शिकल्या होत्या तसं आणि शिकल्या नव्हत्या तसंही. ताई प्रत्येक वाक्यावर समंजसपणे मान डोलवत होती, जशी मुलं प्रार्थनेनंतरच्या सूचनांवर डोलवतात. सगळं ऐकून झाल्यावर ती उठली. डस्टर जरा सरकलं होतं, ते तिने नीट गोलाखाली लावलं, आणि गेली.

काचेतून ती व्हरांडाभर दिसत राहिली. तिच्या चालण्यात घाई नव्हती.

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. हेडसर. आत येऊन त्यांनी दार मागे लोटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, सुताराचं काम पारखावं तसं. “काय बाई, आता तरी समाधान?” त्यांनी नकाशांवर नजर फिरवली, एकाची सुटलेली फीत बांधली. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने म्हणाले, “आता दार बंद आहे, आपण दोघंच आहोत. मला एकट्याला सांगा. ती म्हणाली होती ना?”

मनाच्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरची पिशवी उचलली, दार उघडलं आणि ते तसंच उघडं टाकून बाहेर चालत गेल्या.